सतरा पिशव्या

चोवीस डिसेंबरला पोरांच्या गळ्यात
एकेक पिशवी अडकवली,
जुन्या चादरींची, माझ्याच मशीनवर शिवलेली,
आत एकेक पुस्तक.
सुट्टीत तुमच्याकडे राहायला येतंय, म्हटलं,
पाहुणं आहे. भिजवायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही.
ध्रुवी म्हणाली, ते मासे खातं का?

वाचता कुणालाच येत नाही.
चार वर्षांची माणसं. चित्रावर बोट ठेवतात,
चित्र सांगेल ते ऐकतात,
कधी चित्रालाच दोन शब्द सुनावतात.

घणसोलीतली थंडी म्हणजे
शाळेत पोचेपर्यंतचा स्वेटर.
मग तो कमरेला, मग खिडकीच्या गजाला,
मग कुणाचा कोण जाणे.

पाच जानेवारीला पाहुणे परतले.
सशाच्या कानावर हळद.
जहाजाला सुक्या बोंबलाचा वास
(खातं, ध्रुवी, खातं).
अलिझाच्या घरी कुणीतरी पानापानाखाली
उर्दूत बारीक अक्षरांत सगळी गोष्ट लिहिलेली.
त्या पुस्तकापुढे आता मीही चार वर्षांची.

सुजातची पिशवी तेवढी रिकामी.
धुतलेली, इस्त्री केलेली, रिकामी.
पुस्तक कुठंय रे?
झोपलंय.

शुक्रवारी पोपटी होती.
बारकीबाय मढवींनी मडकं आणलं,
पोरांनी वालाच्या शेंगा निवडल्या.
अळी सापडली की काम थांबायचं,
अळीला नाव मिळायचं, मग पुढची शेंग.
भांबुर्ड्याचा पाला चुरगळून
एकमेकांच्या नाकाशी. शी. परत दे. शी.
ओवा, मीठ, बटाटे, एकोणीस अंडी,
वर पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं,
भोवती पेंढा,
आणि खडूच्या रेघेमागे सतरा जोड्या चपला.

जाळाला अर्धा तास लागतो, म्हणून गोष्टी.
सगळ्यांनी आपापलं पुस्तक उघडलं.
सुजातने दोन तळहात जोडले
आणि उघडले.

एक अस्वल असतं. त्याला लई झोप येते.
ते सकाळी घरी येतं, बूट काढतं.
मम्मी म्हणते, हळू बोला.
खिडकीला चादर लावून आम्ही रात्र करतो.
खरी रात्र आली की ते उठतं,
डबा घेतं, शिट्टी घेतं, जातं.
पुस्तकातलं थंडी संपल्यावर उठतं.
आमचं सहा वाजता.

चावतं का? रुद्रांशने विचारलं.
रविवारी नाही.

बारकीबायने मडक्यावर पाणी शिंपडलं,
चर्र झालं, म्हणजे झाली.
शेंगा इतक्या गरम की फुंकून फुंकून
सगळ्या वर्गाचा वारा संपला.

पुस्तक आलं सतरा तारखेला,
दारात उभा माणूस, माकडटोपी, महाप्याच्या कंपनीचा गणवेश,
डोळे लाल.
मॅडम, उशीर झाला.
पोरगं रोज विचारतं, पुढं काय.
मी रात्री गेटवर एक पान बघून ठेवायचो,
सकाळी झोपायच्या आधी सांगायचो.
चोवीस पानं. काल संपलं.

मी म्हटलं, दुसरं नेता का?
जाडं असेल तर द्या, म्हणाले.

मलपृष्ठावर पेन्सिलने
कुठल्याशा टेम्पोचा नंबर, एमएच त्रेचाळीसचा,
खाली वेळ, तीन दहा.
वही हाताशी नसेल त्या क्षणी.
खोडरबर घेतला. परत ठेवला.

या आठवड्यात ते ध्रुवीकडे आहे.
तिने पुस्तक उलटीकडून उघडलं,
नंबरावर बोट टेकवलं
आणि शेजारच्या पोराला समजावलं,
हे बघ, अस्वल
यातून आलं.